वैद्यकीय कोडिंग: नोंद वाचण्याचा व्यवसाय

मित्रहो, वैद्यकीय कोडिंग म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीतील निदान आणि उपचार ठरावीक कोडमध्ये मांडणे, विम्याच्या दाव्याचा आधार हेच कोड असतात. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की किती कोड पाठ करावे लागतात? अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएममध्ये निदानाचेच ७० हजारांहून अधिक कोड आहेत. तपासण्या आणि शस्त्रक्रियांसाठीचे सीपीटी कोड वेगळे. शिवाय निदानाचे कोड दर ऑक्टोबरात आणि सीपीटीचे दर जानेवारीत सुधारले जातात, त्यामुळे पाठांतराच्या भरवशावर राहणारा कोडर लवकरच मागे पडतो. एएपीसी या कोडरांच्या अमेरिकी संस्थेच्या सीपीसी या प्रमाणपत्र परीक्षेत तर कोडची पुस्तके सोबत नेण्याची मुभा असते. चार तासांत शंभर प्रश्न सोडवायचे आणि ७० टक्के गुण मिळवायचे असतात. पण ज्याला पुस्तकात कोठे काय आहे हे ठाऊक नाही, त्याला उघड्या पुस्तकाचा फारसा उपयोग होत नाही.

खरे काम डॉक्टरांची नोंद वाचण्याचे आहे. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांनी ‘खोकला, ताप, न्यूमोनियाची शक्यता’ असे लिहिले असेल, तर न्यूमोनियाचा कोड देता येत नाही, खोकल्याचा आणि तापाचा द्यावा लागतो. तीच शक्यता दाखल रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी नोंदवलेली असेल, तर मात्र अमेरिकी रुग्णालयांच्या नियमानुसार तो आजार असल्याप्रमाणे कोड दिला जातो. शब्द तेच असूनही, रुग्ण कोणत्या विभागात होता यावरून उत्तर पालटते. उलट, मधुमेह आणि जुनाट मूत्रपिंडविकार यांची एकाच नोंदीत नुसती वेगवेगळी नावे असली, तरी डॉक्टरांनी अन्य कारण लिहिलेले नसेल, तर नियमावली त्या दोहोंचा संबंध गृहीत धरते. मग टाइप २ मधुमेहासाठी साधा ई११.९ न देता ई११.२२ द्यावा लागतो आणि त्याच्या जोडीला मूत्रपिंडविकाराचा टप्पा सांगणारा कोड येतो.

शरीररचना आणि वैद्यकीय परिभाषा यांचा पाया पक्का हवाच. जीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या किंवा फिजिओथेरपी शिकून आलेल्यांना तो आयता मिळतो. मात्र याच मंडळींना एक सवय मुद्दाम मोडावी लागते, असे माझे मत आहे. प्रयोगशाळेच्या अहवालातील वाढलेली साखर पाहून ते मनातल्या मनात निदान करून मोकळे होतात. डॉक्टरांनी मधुमेह लिहिलेला नसेल, तर कोडरने तो लिहायचा नाही. संशय असल्यास डॉक्टरांकडे क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवायची, आणि तीही अशा शब्दांत, की अपेक्षित उत्तर तिच्यातून सुचवले जाणार नाही. दाव्याची रक्कम ज्यावर ठरते, अशा ठिकाणी सुचवलेले निदान गैरव्यवहारात जमा होऊ शकते.

अनुभव नसताना सीपीसी उत्तीर्ण झालेल्यांच्या प्रमाणपत्राच्या नावापुढे ‘ए’, म्हणजे अप्रेंटिस, हे अक्षर लागते आणि पुढे अनुभवाचा दाखला दिल्यावर ते निघते. त्या अक्षराचा संकोच बाळगू नये. पहिल्या नोकरीत पगारापेक्षा ऑडिटर, म्हणजे आपले कोड तपासणारा, कसा मिळतो याला मी अधिक महत्त्व देईन. अचूकतेची अपेक्षा सहसा ९५ टक्क्यांच्या आसपास असते आणि तासाला किती चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, व्हाव्यात याचेही उद्दिष्ट ठरलेले असते. नवोदित कोडर उद्दिष्टामागे धावतो आणि ऑडिटरचा शेरा न वाचताच दुरुस्ती स्वीकारतो. प्रत्येक दुरुस्तीमागचा नियम नियमावलीत शोधून काढणाऱ्याला मात्र पुढे शस्त्रक्रिया, दाखल रुग्णांचे डीआरजी (रुग्णालयाला मिळणारी रक्कम ठरवणारे गट) किंवा जोखीम-निर्धारणाचे एचसीसी (रुग्णाच्या आजारांवरून अपेक्षित खर्च ठरवणारे गट) अशा अवघड शाखांकडे वळणे सोपे जाते. सरळ, एकसारख्या नोंदींचे कोड आता सॉफ्टवेअरही सुचवते. त्यामुळे विशेष शाखा निवडण्याचा विचार पूर्वीपेक्षा लवकर करावा, आणि सॉफ्टवेअरने दिलेला कोड नियमाचा आधार दाखवून नाकारता येईल इतकी तयारी पहिल्या वर्षापासूनच करावी.