बँकर नसलेला घाट

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत येऊन रेल्वेवर बोलायचं म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाची ओळख करून देण्यासारखं आहे. तुम्ही रोज उभ्याने प्रवास करता, मी युरोपात तीन आठवडे बसून केला. माझा अधिकार तेवढाच.

फलकावर विषय लिहिलाय, 'वेगवान गाड्या आणि चढ'. चढाकडे येतोच, आधी माझ्या नाकाची गोष्ट सांगतो.

जर्मनीत कलोन ते फ्रँकफुर्ट असा 2002 साली सुरू झालेला मार्ग आहे. त्यावर लिंबुर्ग-झ्यूड नावाचं एक स्टेशन लागतं. काही गाड्या तिथे थांबतात, बाकीच्या मधल्या रुळांवरून थ्रू जातात. भाच्याने आम्हाला तिथे सोडलं आणि विचारलं, "मामा, इथे नक्की काय बघणार?" म्हटलं, थ्रू गाडी. आता हिशोब बघा. ताशी 300 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 83 मीटर. गाडी 200 मीटर लांब. म्हणजे दर्शन अडीच सेकंदांचं! तिरुपतीलासुद्धा याहून जास्त मिळतं. ही तिळाच्या वड्यांचा डबा उघडत होती. झाकण घट्ट होतं. ते निघालं तेव्हा ही म्हणाली, "आली का?" मी म्हटलं, "गेली."

पण नाक अजून यायचंय. तिथल्या आयसीई-3 या गाडीच्या पहिल्या मालिकेत ड्रायव्हरच्या पाठीमागे थोड्या सीट आहेत आणि मध्ये फक्त काच. ड्रायव्हरच्या खांद्यावरून समोरचा रूळ दिसतो. लहानपणी मोटरमनच्या केबिनच्या दारात लटकून जे बघायचं राहून गेलं, ते इथे आरक्षण करून मिळतं. मी सीटवर बसलोच नाही, नाक काचेला लावून उभा राहिलो. गाडीने वेग घेतला आणि समोर रूळ असा उभा चढलेला दिसला, गच्चीवर जाणाऱ्या जिन्यासारखा. माझ्या तोंडून निघालं, "अगं आई गं!" जरा मोठ्यानेच निघालं. आणि काच दुधाळ झाली.

तशी सोयच आहे. ड्रायव्हरकडे बटण असतं, दाबलं की काच पांढरी. त्याचं तरी काय चुकलं? 300च्या वेगात मागे कोणीतरी परक्या भाषेत आईला हाक मारतोय! हिने एवढंच विचारलं, "ओरडायची काय गरज होती?" मी काचेकडे बघत बसलो. जन्मभराची हौस, आणि समोर दुधाची पिशवी. मागच्या आजोबांना हसू आलेलं दिसलं. ते बहुधा रोज येत असावेत, गप्प बसायचं शिकलेले.

मग करायचं काय? डब्यातल्या पडद्यावर वेगाचा आकडा येतो, तो बघत राहिलो. 298. 300. कानांना दडे बसले, म्हणजे गाडी चढतेय हे कळत होतं, पण आकडा फार तर पाच-सातने खाली यायचा आणि परत वर जायचा. मला आपलं कर्जत आठवलं. वडापाव घेऊन परत चढेपर्यंत मागे बँकर, म्हणजे घाटात गाडीला ढकलणारी जादा इंजिनं, लागलेली असतात. बोरघाटाचा चढ 37 मीटरला एक मीटर. आणि जर्मनीतला तो? 25 मीटरला एक! बँकर नाही, कर्जत नाही, वडापावही नाही.

चिठ्ठी आली. "पाच मिनिटं." बरं. मग पळतो.

गाडीच्या वेगात किती चढ दडलेला असतो ते काढता येतं. हवेचा विरोध सोडून द्या. ताशी 60ने जाणारी गाडी इंजिन बंद करून निव्वळ झोकावर 14 मीटर उंच जाईल. 300ने जाणारी? साडेतीनशे मीटर! वेग पाचपट, उंची पंचवीसपट, कारण इथे वेगाचा वर्ग येतो. शिवाय आयसीई-3च्या निम्म्या आसांवर मोटारी आहेत, त्यामुळे चाकं घसरत नाहीत. आपली वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते ती याच दुसऱ्या कारणाने.

फ्रेंचांनी हे आधीच हेरलं होतं. 1981चा पॅरिस–लियाँ मार्ग त्यांनी फक्त प्रवासी गाड्यांसाठी बांधला, साडेतीन टक्के चढ ठेवला आणि नव्या मार्गावर एकही बोगदा खणला नाही. जर्मनांचा 1991चा हानोफर–वुर्त्सबुर्ग मार्ग मालगाड्यांसाठीही होता. मालगाडीला असा चढ झेपत नाही, म्हणून तिथे साठेक बोगदे. नंतरच्या कलोन-फ्रँकफुर्ट मार्गावर त्यांनी मालगाडी सोडली आणि चढ घेतला.

वळणाचं मात्र उलटं. तिथे गाडीला बाहेर ढकलणाऱ्या जोरातही वेगाचा वर्गच येतो, पण वैरी होऊन. म्हणून पॅरिस–लियाँवर वळणाची त्रिज्या किमान चार किलोमीटर. डोंगर आला तर वळसा घालायचा नाही, अंगावरून जायचं. आपल्याला घाट म्हटलं की वळणंच आठवतात, म्हणून हे पटायला जड जातं.

अध्यक्ष उठले. उतारावर ही गाडी रुळाला न टेकणाऱ्या चुंबकांनी कशी थांबवतात, ते राहिलंच. ते चहाच्या वेळी सांगतो, ज्यांची 8.17 चुकली तरी चालेल त्यांना.