वजनाचा काटा अडलाय? जेवण आणखी कमी करू नका

नमस्कार मंडळी! भुसावळहून बोलतेय.

आधी ही वही बघा. पाच महिन्यांत मी 84 किलोवरून 74 वर आले. घरात सगळे खूश. आणि आता ही पुढची पानं बघा. 74.2, 73.9, 74.1, 74.3. अकरा आठवडे हेच आकडे.

मग मी काय केलं? रात्रीची भाकरी बंद केली. तरी फरक पडेना, म्हणून सकाळचा नाश्ताही सोडला. भर मे महिन्यात, आपल्याकडच्या त्या 44-45 डिग्रीच्या दिवसांत, उपाशीपोटी चालून आले आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. डोळ्यांपुढे अंधारी. काटा मात्र तिथेच.

तुमच्यापैकी कुणी आत्ता हेच करत असेल, तर थांबा. काटा अडला की जेवण कमी करायचं नसतं, तपासून घ्यायचं असतं. मी डॉक्टर नाही. जे सोसलं आणि त्यानंतर डॉक्टरांकडून जे नीट समजून घेतलं, तेच सांगतेय.

पहिली गोष्ट, दोन आठवडे वजन हललं नाही म्हणजे ते अडलं असं होत नाही. पाळीच्या आधी, बद्धकोष्ठता असली, आदल्या दिवशी खारट-तिखट शेवभाजी झाली असली, तर शरीरात पाणी धरून किंवा पोट साफ न झाल्याने एखाद-दीड किलो सहज वर दिसतं. चार आठवड्यांची सरासरी काढा आणि कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची. कंबर उतरतेय ना? मग तुमचं काम चालू आहे.

पण दोन्ही अडलं असेल तर? पहिल्या काही आठवड्यांत जे भराभर उतरतं, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे शरीर लहान होतं, तसा त्याचा खर्चही घटतो. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो, आणि भूक? ती किलोमागे जवळपास 100 कॅलरींनी वाढते! पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. म्हणजे मी 10 किलो उतरवले तेव्हा माझं शरीर मला रोज हजारेक कॅलरी जास्त मागत होतं, आणि मी स्वतःला हावरट समजून रडत होते. ताई, दादा, हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. दुष्काळात माणूस जगावा म्हणून शरीराने शिकलेली ही गोष्ट आहे.

आता स्वयंपाकघराकडे या. मला वाटायचं, भरीत म्हणजे वांगंच तर आहे, त्यात काय एवढं! एके दिवशी फोडणीच्या आधी तेलाची किटली वजनकाट्यावर ठेवली आणि फोडणीनंतर पुन्हा ठेवली. 62 ग्रॅम गेलं होतं. आम्ही जेवणारे चार, म्हणजे माणशी 140 कॅलरी नुसत्या तेलाच्या, त्यात शेंगदाणे धरलेले नाहीत. मग महिन्याचा हिशेब केला. चौघांत 5 लिटरचा डबा महिनाभरात संपत होता, म्हणजे रोज माणशी जवळपास 340 कॅलरी. भाकरी बिचारी उगाच बंद झाली होती!

म्हणून भरीत सोडू नका, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्याची चव कशाला सोडायची? तेल मोजून घाला. आणि कळण्याची भाकरी तर खाच, तिच्यात ज्वारीबरोबर उडीद असतो. जोडीला घट्ट वरण, दही, अंडी. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि स्नायू झिजले की खर्च आणखी घटतो. तेलाचा तो रिकामा डबा पाण्याने भरा, 5 किलोचं वजन घरातच तयार. आठवड्यातून दोन-तीन दिवस तो उचला, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझी आई मांडे आणि आमरस पुढे करून म्हणाली, ‘‘खाई ले व माय, एक दिनमा काय व्हस?’’ मी खाल्लं. खरंच काही झालं नाही. अडचण रोजच्या किटलीत होती.

आता डॉक्टरांचं. पहिल्या ठिकाणी मान वर न करता उत्तर मिळालं, ‘‘तोंडावर ताबा ठेवा.’’ फार लागलं ते. महिनाभर मी कुठेच गेले नाही, आणि ती माझी चूक होती. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं यांनी वजन वाढतं. स्वतःहून त्या बंद करू नका, पर्याय विचारा. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, ‘‘या घोरतात का?’’ मी लाजले. पण तिथेच धागा सापडला: झोपेत माझा श्वास अडत होता. झोप मोडली की भूक आणि शुगर दोन्ही बिघडतात. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी 6.1 आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. थायरॉइडही बघितलं, ते ठीक निघालं.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी काटा हलवण्यासाठी उपास अजिबात करू नयेत. शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. आपल्या भारतीयांसाठी तो 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. कंबर बायकांची 80 आणि पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं. माझी उंची 155 सेंटीमीटर, म्हणजे 74 किलोलाही माझा बीएमआय 30 च्या वर होता!

वजन उतरवायच्या इंजेक्शनबद्दल सगळेच विचारतात. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं 2025 मध्ये भारतात आली. ती भूक कमी करतात, कामही करतात. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, पित्ताशयात खडे होऊ शकतात. गरोदर बाईने किंवा मूल हवं असणारीने ती घेऊ नयेत. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं, हेही घेण्यापूर्वीच माहीत हवं. मैत्रिणीचं इंजेक्शनचं पेन, व्हॉट्सॲपवरची ऑर्डर? मुळीच नाही.

खासगीचा खर्च झेपत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मेडिसिनच्या ओपीडीत जा. सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं, चार आठवड्यांची वजनं आणि कंबरेची मापं घ्या. घोरत असाल तर घरच्या कुणाला तरी बरोबर न्या, कारण ते आपल्याला स्वतःला कळत नाही. आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: ‘‘डॉक्टरसाहेब, मी खाणं कमी केलंय, तरी वजन अडलंय, कारण शोधायचंय.’’