नळीच्या झाकणाचा रंग
(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादन करून)

नमस्कार. समोर बारावीची मुलं-मुली बरीच दिसताहेत, त्यांच्याबरोबर आई-वडीलही आले आहेत. बोलायचं आहे ते रुग्णालयातल्या तंत्रज्ञांच्या शिक्षणाबद्दल. पण आधी एक प्रसंग सांगते, त्यांच्यासाठीच्या कायद्याकडे नंतर वळते.

मी तीस वर्षं सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केलं. एके दिवशी सकाळी पुरुष वॉर्डातून एक नमुना आला. मशीनने पोटॅशियम दाखवलं नऊच्या वर. नॉर्मल साधारण साडेतीन ते पाच. नऊच्या वर पोटॅशियम म्हणजे हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकतं. मी वॉर्डात फोन केला, तर सिस्टर म्हणाल्या, "ते आजोबा? ते तर उठून बसलेत, चहा-बिस्किट खाताहेत." तोवर निवासी डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन-ग्लुकोजची तयारी सुरू केली होती, आणि आकडा खरा असता तर ते अगदी बरोबर होतं. तेवढ्यात माझी नजर त्याच रिपोर्टातल्या कॅल्शियमवर गेली. ते जवळजवळ नव्हतंच. जिवंत, बोलत्या माणसाच्या रक्तात असं होत नाही.

मी डॉक्टरांना थांबायला सांगितलं आणि रक्त घेणाऱ्या मुलाला बोलावलं. नवीनच लागला होता. लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून त्याने जांभळ्या झाकणाच्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं होतं. मला म्हणाला, "मॅडम, माणूस तोच, रक्तही त्याचंच. काय फरक पडतो?"

फरक असा पडतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. तेच रक्त दुसऱ्या नळीत गेलं की पोटॅशियम खोटं वर जातं आणि कॅल्शियम खोटं खाली येतं. नवीन नमुना घेतला. पोटॅशियम चार पूर्णांक काहीतरी निघालं.

मुलगा कामचुकार नव्हता, खूप रडला. त्याच्याकडे डिप्लोमा होता, प्रमाणपत्र लॅमिनेट करून घरात लावलेलं होतं. पण ज्या संस्थेने ते दिलं, तिथे दोन वर्षांत त्याच्या हातात कोणी सुई दिली नव्हती. संस्थेला रुग्णालयच नव्हतं. फी मात्र त्याच्या वडिलांनी एक एकर गहाण टाकून भरली होती. त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही.

आता बघा, आपण दवाखान्यात गेलो की वॉर्डबॉयला मामा म्हणतो, आयाबाईंना मावशी, परिचारिकेला सिस्टर, आणि बाकी पांढरा कोट घातलेला प्रत्येक जण डॉक्टर. या 'बाकी'त कोण कोण असतं? रक्त तपासणारे, एक्स-रे आणि सीटी काढणारे, डायलिसिसचं यंत्र चालवणारे, शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञांच्या शेजारी उभे असणारे, हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीन सांभाळणारे परफ्युजनिस्ट, डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ. पेशंटच्या अंगाला यांचा हात लागतो, पण त्यांचं नाव कोणी विचारत नाही. शिक्षण विचारणं तर फार दूरची गोष्ट.

डॉक्टरांची नोंदणी असते, नर्सेसची असते, औषध देणाऱ्या फार्मासिस्टसाठी १९४८ पासून कायदा आहे. या बाकीच्या मंडळींसाठी देशपातळीवरचा कायदा यायला २०२१ साल उजाडलं. राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा. त्याने हे व्यवसाय दहा गटांत मांडले आणि राज्याराज्यांत परिषदा नेमायला सांगितलं. पण कागदावरून जमिनीवर यायला तो इतका रेंगाळला की सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांत अंमलबजावणी करायला बजावलं.

मला त्या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती तासांची. सहयोगी आरोग्य व्यावसायिक, म्हणजे तंत्रज्ञ, म्हणवून घ्यायचं तर पदविका किंवा पदवीचं शिक्षण किमान २,००० तासांचं हवं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं. आरोग्यसेवा व्यावसायिक, म्हणजे फिजिओथेरपिस्टसारखे, त्यांना किमान ३,६०० तासांची पदवी, तीन ते सहा वर्षांची. पालकहो, आता घरी बसून हिशेब करा. रोज सहा तास धरले तर २,००० तासांना सव्वातीनशेहून जास्त दिवस लागतात. कोणी तुम्हाला सांगितलं, "सहा महिन्यांचा कोर्स आहे, फक्त शनिवार-रविवार या," तर ते भरतात जेमतेम तीनशे तास. उरलेले सतराशे तास तो मुलगा पेशंटच्या अंगावर शिकणार.

आपल्या राज्यापुरतं बोलायचं, तर आपण या बाबतीत मागे नव्हतो. उलट सुरुवात इथेच झाली. ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात निघाली. ती काढली कमलाताई निंबकरांनी. या मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या. हे शास्त्र त्या अमेरिकेत शिकून आल्या आणि इथे मुली-मुलांना शिकवायला बसल्या. पक्षाघाताने हात गेलेल्या माणसाला पुन्हा शर्टाचं बटण लावता यावं, भाकरी मोडता यावी, यासाठी शिक्षण लागतं हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. पोलिओची साथ येऊन गेल्यावर केईएममध्येच फिजिओथेरपीचीही शाळा उभी राहिली. मला हा इतिहास फार जवळचा वाटतो, कारण इथे आधी रुग्णालय होतं, पेशंट होते, आणि त्यांच्या खाटांशेजारी शाळा सुरू झाली.

पुढे या दोन व्यवसायांसाठी महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने स्वतंत्र परिषद केली. तंत्रज्ञांसाठी महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचा २०११ चा कायदा आहे. म्हणजे देशाचा कायदा येण्याआधी आपल्याकडे नोंदणीची सोय होती. पण किती पालकांनी प्रवेश घेताना विचारलं, की हा कोर्स झाल्यावर माझ्या मुलीची परिषदेत नोंदणी होईल का?

थोडं डायलिसिसबद्दल बोलते, कारण तालुक्याच्या गावीही आता ही केंद्रं निघाली आहेत. आपण तिथे जातो, खुर्चीवर माणूस, शेजारी यंत्र, आणि यंत्राकडे बघणारा एक तरुण. वाटतं, बटण दाबायचं काम आहे. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने जवळजवळ १२० लिटर द्राव, म्हणजे मुख्यतः पाणीच, पेशंटच्या रक्ताशेजारून वाहतो. मध्ये फक्त एक पातळ पडदा. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो तेही पोटात, आतड्यांच्या राखणीत. इथे तशी राखण नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरामिन, म्हणजे जंतू मारायला वापरलेलं क्लोरीनचं संयुग, नीट काढलं गेलं नाही तर पेशंटच्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पहिला पेशंट खुर्चीवर बसण्याआधी त्या तरुणाने पाण्याची क्लोरीन चाचणी करायची, आकडा वहीत लिहायचा. डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, धुऊन पुन्हा वापरणार असतील तर त्यात निर्जंतुकीकरणाचं रसायन उरलं नाही ना, हे पट्टी बुडवून बघायचं. पहाटे सहाला, डॉक्टर यायच्या आधी. तिथे कोणी बघत नसतं. त्याला हे का करायचं ते शिकवलेलं असेल तरच तो करतो.

एक्स-रेच्या खोलीतल्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बॅज असतो, टीएलडी बॅज. अंगावर किती किरणं पडली ते तो नोंदवतो आणि दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो. पुढच्या वेळी एक्स-रे काढायला गेलात तर बघा आहे का. बॅज खुंटीला टांगलेला दिसला तर त्या मुलाची काळजी करा, तो रोज तिथे उभा असतो.

आता एक गोष्ट माझ्याच व्यवसायातल्या लोकांना आवडत नाही, तरी बोलते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लॅबच्या रिपोर्टवर नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच सही हवी. गावोगावी स्वतःची लॅब चालवणाऱ्या डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञानाची पदविका, झालेल्या अनेकांना तो अन्याय वाटला. त्यातले काही माझे विद्यार्थी आहेत, रात्री दोनला उठून डेंग्यूच्या पेशंटच्या प्लेटलेट मोजून देणारे. त्यांचं दुःख मला कळतं. तरीही मी म्हणते, निकाल योग्य आहे. आकडा बिनचूक काढणं हे आमचं काम, आणि त्यात आम्ही कोणापेक्षा कमी नाही. पण त्या आकड्यावरून आजार ओळखणं ही वेगळी विद्या आहे, तिचं शिक्षण आम्ही घेतलेलं नाही. मात्र तालुक्यात पॅथॉलॉजिस्ट नाही म्हणून शहरातल्या कोणाची तरी सही भाड्याने आणायची, न बघितलेल्या स्लाइडवर ती उमटवायची, हे त्याहून वाईट. त्यापेक्षा पॅथॉलॉजिस्ट तालुक्यापर्यंत कसे येतील ते सरकारला विचारू या.

घरबसल्या शिकण्याचाही प्रश्न मला फार जण विचारतात. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र, पोषण, आहारशास्त्र असे त्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. शीर बोटाला लागणं म्हणजे काय, ते मोबाइलवर बघून समजत नाही. दंडाला पट्टा बांधून मिनिटभरापेक्षा जास्त ठेवला की रक्त साकळतं आणि आकडे बदलतात. नळी हलकेच आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, गदागदा हलवायची नाही, नाहीतर पेशी फुटतात. हे मी मुलांचे हात हातात धरून शिकवलं आहे.

तर प्रवेशाला जाल तेव्हा तिथे एवढं विचारा. पदवी किंवा पदविका कोणाची? आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, की कुठल्याशा ट्रस्टची? कोर्सला जोडलेलं रुग्णालय कुठलं, त्यात खाटा किती? तिथे जाऊन एकदा फिरून या, खाटांवर माणसं आहेत का बघा. मागच्या दोन वर्षांत पास झालेल्या मुलांची परिषदेत नोंदणी झाली का, त्यांचे नोंदणी क्रमांक दाखवा म्हणा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर फी भरू नका, कितीही गोड बोलले तरी.

ज्या पालकांनी संस्थांची माहितीपत्रकं बरोबर आणली आहेत, त्यांनी ती घेऊन पुढे या. मी इथेच बसते, वाचनालय बंद होईपर्यंत. एकेक करून बघू.