घाटावरचे दोन तास
(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: पंचगंगा घाट, कोल्हापूर. पहाट. पाण्यावर धुकं.)

डिसेंबरची सकाळ. सूर्य गावाच्या पाठीमागून वर येतो, म्हणून पंचगंगेचा घाट बराच वेळ सावलीत असतो. ऊन आधी पडतं ते पलीकडच्या काठावर, उसाच्या तुऱ्यांवर. मग अलीकडच्या दीपमाळेच्या टोकावर. तिथून ते दगडादगडानं खाली यायला लागतं. गुऱ्हाळं सुरू झालीत. लांबवर एका चिमणीचा धूर सरळ वर चाललाय.

पाठीला बोर्ड अडकवून पायऱ्या उतरणारी ही मुलं चित्रकलेची विद्यार्थी आहेत. रविवार आहे, कॉलेजला सुट्टी आहे, तरी साडेसहाला सगळी हजर. लँडस्केपला आलीत. कोल्हापुरात हे नवं नाही. रंकाळा, कोटितीर्थ, पन्हाळा, ज्योतिबाचा डोंगर आणि हा घाट, इथल्या चित्रकारांच्या कितीतरी पिढ्या याच जागांवर बसून तयार झाल्या.

(दृश्य: मुलं जागा शोधतायत. कुणी पायरीवर, कुणी देवळाच्या ओट्यावर.)

जागा धरण्यातच बराच वेळ जातो. समोर काय दिसतं एवढंच बघून भागत नाही. दोन तासांनी ऊन कुठं आलेलं असेल, कागदावर थेट पडेल का, म्हशी पाण्यात न्यायची वाट मधेच तर येत नाही ना, सगळा विचार करावा लागतो. जुनी मुलं डोळे झाकून पिंपळाखालची पायरी गाठतात.

सगळे बसले की सर एकच सूचना देतात. अर्धा तास ब्रशला हात लावायचा नाही. मोबाइल पिशवीत. फोटोसुद्धा काढायचा नाही.

"आधी बघा. काढायचं काय ते नंतर."

(दृश्य: मुलांचे चेहरे. नदीकडे लागलेले डोळे. आवाज फक्त पाण्याचा.)

या अर्ध्या तासाचं महत्त्व आपण सगळ्यांनी ओळखायला हवं, कारण आपण सगळे शाळेत तेच एक चित्र काढून मोठे झालोय. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, काठावर झोपडी, एक नारळ आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. सोलापूरच्या मुलानं काढलं तरी तेच, सावंतवाडीच्या मुलीनं काढलं तरी तेच. ते चित्र डोक्यात तयार असतं आणि हात नुसता ते उतरवून काढतो. या पायरीवर बसून पहिली दहा मिनिटं डोकं तेच सांगत राहतं: पाणी निळं, झाड हिरवं, दगड काळा. पुढं कधीतरी डोळे कामाला लागतात. समोरचं पाणी निळं नाहीच, हे तेव्हा दिसतं. काठाजवळ ते शेवाळी आहे, मधे रुपेरी, आणि दीपमाळेखाली जवळजवळ तपकिरी.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रानात पदभ्रमणाला निघालेल्या ५६ जणांना त्यांनी कल्पकता तपासणारी शब्दांची चाचणी दिली. काहींना निघण्याआधी, काहींना मोबाइल आणि लॅपटॉपशिवाय रानात राहून चौथ्या दिवशी. चौथ्या दिवशी सोडवणाऱ्यांचे गुण सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आले. त्यात मोकळ्या हवेचा वाटा किती आणि मोबाइल जवळ नसण्याचा किती, हे त्या अभ्यासातून वेगळं करता येत नाही. घाटावर तरी दोन्ही एकदमच होतं.

(दृश्य: जवळून. पेन्सिलची रेघ. प्लास्टिकची बाटली कापून केलेलं पाण्याचं भांडं.)

आता काम सुरू. ही दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिनं दीपमाळ घेतलीय, तिच्यामागचं छोटं देऊळ घेतलंय, आणि दोघांची पाण्यातली सावली. पेन्सिलचं काम पाच मिनिटांत उरकतं. मोठे आकार तेवढे मांडायचे, देवळाची नक्षी मोजत बसायची नाही. रंगाचं पाणी ती नदीतूनच भरून घेते.

जलरंगात पांढरा रंग शक्यतो वापरत नाहीत. चित्रात जिथं ऊन हवं तिथं कागद कोरा सोडायचा. म्हणजे सगळ्यात उजळ जागा कुठली हे पहिला ब्रश टेकवायच्या आधीच ठरवावं लागतं, आणि एकदा तिच्यावर रंग गेला की परत येणं जवळपास नाही. तैलरंग खरवडता येतो, त्याच्यावर पुन्हा चढवता येतं. इथं तशी सोय नाही. म्हणून ही मुलगी एकदा कागदाकडे बघते, तर चारदा दीपमाळेकडे.

पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट हात, आभाळाचा. बोर्ड थोडा तिरका. कागद आधी ओला करून घेतलाय, त्यावर पिवळ्या मातीच्या रंगाचा पातळ हात, तो ओला असतानाच वरून निळा. दोन रंग आपापल्या वाटेनं एकमेकांत शिरतात. तिथं तिनं काही करायचं नसतं. हात मागे घेऊन थांबायचं असतं.

(दृश्य: ओल्या कागदावर पसरणारा रंग. हे दृश्य लांबू द्यावं.)

हे थांबणं शिकायला वर्षं जातात. ओल्यावर दुसरा हात लवकर दिला तर सगळा गाळ होतो. उशीर झाला तर कडा धरते, दोन रंगांच्या मधे रेघ उमटून बसते. आणि कागद किती वेळात वाळणार हे आपल्या हातात नाही, ते हवेच्या हातात. डिसेंबरच्या कोरड्या हवेत पहिला वॉश बघता बघता वाळतो. आषाढात त्याच कागदाला ताटकळत बसावं लागतं. घाईत असलेल्या माणसाला जलरंग पहिल्याच दिवशी घरी पाठवतो. मला तर वाटतं, सावकाश जगायचं म्हणजे काय करायचं, हे पुस्तकी उपदेशापेक्षा एक ओला कागद लवकर शिकवतो.

आता दगड. घाटाचा दगड काळा दिसतो, पण डबीतला काळा रंग इथं कुणी काढत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना. एक निळा, एक भाजक्या मातीचा. दोन्ही पॅलेटवर एकत्र आले की राखाडी होतो, आणि कुठला रंग किती घेतला त्यावर तो दगड सावलीतला की उन्हातला ते ठरतं. निळा वाढवला की दगड गार पडतो. सिएना वाढवला की त्याच्यावर ऊन येतं.

"सर, पाण्याला कुठला रंग घेऊ?"

"पाण्याला रंग असतोय व्हय? आधी वरचं बघ, मग खालचं बघ."

ती वर बघते, खाली बघते. दीपमाळेची उन्हातली बाजू पाण्यात थोडी काळपट उतरलीय. सावलीतली बाजू पाण्यात जरा उजळलीय. उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा गडद, गडद वस्तूचं तिच्यापेक्षा उजळ, असं वर्गात फळ्यावर शिकवतात. पण पाठ करून ते हातात येत नाही. तेवढ्यात समोरून म्हैस पाण्यात उतरते आणि अख्खी दीपमाळ मोडून तुकडे होतात. पाणी निवळेपर्यंत मुलगी ब्रश धरून बसते.

(दृश्य: देवळाच्या दगडावरची गाळाची आडवी रेघ. त्यावरून सरकणारा कॅमेरा.)

या भिंतीवरची फिकी रेघ बघा. हा पुराचा गाळ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, आणि पावसाळ्यात हा घाट सगळा पाण्याखाली जातो. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांना धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. एका मुलानं ही गाळाची रेघ चित्रात घेतलीय. फोटो काढून घरी जाऊन काढलं असतं तर ती त्याला डाग वाटली असती.

(दृश्य: कोटितीर्थ तलाव. दुपार. मग टाउन हॉल संग्रहालयाची इमारत.)

याच शहरात एक माणूस असा बसत आला. आबालाल रहिमान. कोल्हापूरकरांचे आबालाल मास्तर.

कुराणाच्या प्रती हातानं लिहिणाऱ्या घरातला हा मुलगा. सुंदर अक्षर घरातच होतं. चित्रकलेतला हात बघून त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला पाठवलं गेलं. तिथं १८८८ मध्ये व्हाइसरॉयचं पदक मिळालं. त्या काळात असं पदक म्हणजे मुंबईत संस्थानिकांची आणि शेठ-सावकारांची व्यक्तिचित्रं करत आयुष्यभर सुखात राहण्याची सोय. आबालाल कोल्हापूरला परत आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. दरबाराचं काम होतंच, पण मास्तरांचा जीव रमला तो इथं, कोटितीर्थाच्या काठावर. गावाच्या गडबडीपासून बाजूला राहून त्यांनी हेच पाणी, हीच झाडं, पंचगंगा, रंकाळा पुन्हा पुन्हा रंगवला. उत्तरायुष्यातल्या त्यांच्या निसर्गचित्रांत रंगाचे छोटे तुटक फटकारे शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात. लांबून बघितलं की त्यांचा प्रकाश होतो.

कुणी मागणी केली नव्हती, कुठं प्रदर्शन नव्हतं. तोच तलाव एक माणूस वर्षानुवर्षं का रंगवत असेल? या तळ्याच्या काठावर एखादी सकाळ काढली की उत्तर आपसूक मिळतं. सातचा तलाव आठला राहत नाही.

६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. त्या दुःखात मास्तरांनी आपली कितीतरी चित्रं याच कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. जी चित्रं उरली त्यातली काही टाउन हॉलमधल्या संग्रहालयात बघायला मिळतात. ज्यांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ते बाबूराव पेंटर मास्तरांना गुरुस्थानी मानत. पडद्यावरचे नट चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रं राजारामपुरीत, त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. नदीकाठी बसायचं हे वेड असं हातातून हातात आलेलं आहे.

(दृश्य: कोटितीर्थावर तरंगणारं केंदाळ. रंकाळ्यावरची वर्दळ.)

आज या पाण्यांवर केंदाळ चढतं, सांडपाणी येतं, आणि बसायला मोकळा काठ कमी होत चाललाय. मोबाइलमधल्या फोटोवरून घरी चित्र करणं सोपं झालंय.

(दृश्य: पुन्हा घाट. साडेनऊ. कडक ऊन. चित्रं पायरीवर ओळीनं मांडलेली.)

साडेनऊला सावल्या आखडल्या. घाट पांढरा पडला. या उजेडात आता काढण्यासारखं काही राहिलं नाही. मुलं चित्रं पायरीवर ओळीनं मांडतात, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यावर खडा ठेवतात. सगळ्यांच्या समोर तोच घाट होता. एकाच्या कागदावर तो थंडीनं गारठलेला आहे, एकाचा ऊबदार. एकानं घाट जवळजवळ सोडूनच दिलाय, निम्मा कागद नुसतं धुकं. आणि त्या मुलीच्या चित्रात दीपमाळेचं प्रतिबिंब मोडलेलं आहे. म्हैस गेल्यावर पाणी स्थिर व्हायची वाट तिनं बघितली खरी, पण रंगवलं ते मोडलेलंच. कुणी सांगितलं नव्हतं.

सर ओळीच्या एका टोकापासून सावकाश चालत येतात. कुठं थांबतात, कुठं मान हलवतात. एका चित्रापाशी म्हणतात, "हितं थांबायला पाहिजे होतास. शेवटचा हात जास्तीचा झाला." पुढं त्या मोडक्या दीपमाळेपाशी जरा जास्त वेळ उभे राहतात आणि काही न बोलता ते चित्र उचलून सगळ्यांना दिसेल असं वरच्या पायरीवर ठेवतात.

(दृश्य: ब्रश धुताना. रंगाचं पाणी नदीत न टाकता वरच्या झाडाच्या बुंध्याला ओततात.)

बोर्ड बांधले जातात. चहाची तयारी. पुढच्या रविवारी कुठं जायचं यावर वाद सुरू होतो. कुणाला पन्हाळा हवाय, कुणाला ज्योतिबाचा डोंगर. एकजण म्हणतो रंकाळ्याला जाऊ, तिथं खायला पण मिळतं.

"हितंच यायचं," सर म्हणतात. "आज धुक्यातला घाट काढलासा. पुढच्या खेपेला असंच धुकं असंल असं न्हाई. सहाला या, साडेसहाला उशीर होतोय."