एथिक्सचं पत्र आलं घटस्थापनेला

(रत्नागिरीत पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या, पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरांसमोर झालेलं बोलणं, लिहून काढताना थोडं नीट केलेलं)

माईक नको, मागे ऐकू येतंय ना? बरं. मला सांगितलंय की थीसिस कसा पूर्ण करायचा यावर बोला. माझा कसा रखडला ते मला जास्त चांगलं माहितीय, तर तिथनंच सुरू करतो.

मी सावंतवाडीकडचा, मेडिसिनला एमडी केलं, विषय घेतला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. घेतला म्हणजे काय, आपल्याकडे लेप्टो घ्यावा लागत नाही, तोच येतो. लावणीला माणूस दिवसभर अनवाणी चिखलात उभा, पायाला भेगा पडलेल्या, पाण्यात उंदराचं मूत, मग आठ-दहा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात आणि घरचे म्हणतात पावसात भिजल्यामुळे झालं. मी ऐटीत सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, लिहिला, तो पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत गेला, एक शंका निघाली, परत आला, दुरुस्त करून दिला तर पुढची मीटिंग लांबली आणि परवानगीचं पत्र हातात पडलं ते घटस्थापनेला. बाहेर भात कापणीला आलेलं! जुलै-ऑगस्टात वॉर्डात माझ्या डोळ्यासमोरून गेलेला एकही पेशंट मला घेता येणार नव्हता, परवानगीच्या आधीचा घेऊही नये. माझे आजोबा रोहिणीत, पावसाच्या आधी, धूळवाफ पेरणी झाली नाही तर घरात कोणाशी धड बोलत नसत, ते का ते मला त्या दिवशी कळलं.

तुम्हाला वाटतं ३ वर्षं आहेत, ३६ महिने. थीसिस परीक्षेच्या ६ महिने आधी जमा करायचा, राहिले ३०. सुरुवातीचे सिनॉप्सिस आणि एथिक्समध्ये जातात, मध्ये ३ महिने डीआरपी, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम, म्हणजे तुम्ही जिल्हा रुग्णालयात आणि तुमचे पेशंट इकडे, शेवटचे अ‍ॅनालिसिस आणि लिखाणात. आता सांगा हाताशी पावसाळे किती उरले? फार तर दोन. त्यामुळे लेप्टो, सर्पदंश, डेंगी असलं काही घेणार असाल तर एथिक्सची फाईल मार्चच्या आत गेलीच पाहिजे, गाईडच्या मागे लागा, रागावले तर रागावू देत. आणि क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी रजिस्टरातली, नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी तिथे घेत नाहीत.

विषय मोठा घेऊ नका हो. महाडचे डॉ. बावस्कर बघा. लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्याकडे येत होती, दगावत होती, त्यांनी प्राझोसिन नावाची बीपीची गोळी देऊन बघितली आणि ते १९८६ साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. पुढे २०११ साली बीएमजे या तशाच दुसऱ्या जर्नलमध्ये त्यांची ट्रायल आली, त्यात पेशंट होते फक्त ७०. प्रश्न रोजच्या पेशंटमधून आलेला, एवढंच.

सँपल साईजला, म्हणजे किती पेशंट घ्यायचे त्या हिशोबाला, लोक उगाच घाबरतात. ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग; पी म्हणजे आजाराचं टक्क्यातलं प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे चालणारी चूक. आजाराचं प्रमाण २० टक्के धरलं आणि चूक ५ टक्के चालणार असेल तर २५६ पेशंट, १० टक्के चालणार असेल तर ६४. ते २० टक्के कुठून आणले हे मात्र सांगता यायला हवं, स्टॅटिस्टिशियन पहिलं तेच विचारतो आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो.

माझी खरी फजिती प्रोफॉर्माने, म्हणजे पेशंटची माहिती भरायच्या फॉर्मने, केली. त्यात नाव-गाव, धंदा, किडनीचं क्रिएटिनिन, प्लेटलेट सगळं होतं, फक्त आजाराचा कितवा दिवस हा रकाना नव्हता. आता लेप्टोची आयजीएम, म्हणजे तपासणीत बघतात ती रक्तातली अँटीबॉडी, साधारण पाचव्या-सहाव्या दिवसानंतर सापडायला लागते. दुसऱ्या दिवशी रक्त काढलं आणि निगेटिव्ह आलं तर त्याचा अर्थ काहीच नाही, पण माझ्या मास्टर चार्टमध्ये, सगळ्या पेशंटच्या एकत्र तक्त्यात, तो निगेटिव्ह म्हणून बसलेला! मग काय, रेकॉर्ड रूममध्ये ओल लागलेले, एकमेकांना चिकटलेले केसपेपर सोडवत बसलो, पंधरा दिवस शिंका. म्हणून म्हणतो, पहिल्या पाच पेशंटवर प्रोफॉर्मा भरून बघा आणि एक्सेलमध्ये त्याच रात्री टाका, रविवारी टाकू म्हणालात की संपलं.

कन्सेंटचं, पेशंटच्या संमतीचं, एक सांगतो. फॉर्मवर छापलेलं, आपला सहभाग ऐच्छिक आहे. एका आजींना मी ते वाचून दाखवलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी नाय म्हटलंय तर माका औषध देतलात मां?" मला लाजच वाटली. मग फॉर्म बाजूला ठेवला आणि आमच्या मालवणीत सांगितलं की नको असात तर नाय म्हणा, औषध थांबाचा नाय. त्या नाही म्हणाल्या, बऱ्याही झाल्या. ती एक एंट्री गेली त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या पावसात कसेबसे पेशंट जमले. सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन परत बघायचं होतं, पण मध्ये गणपती आले. चाकरमानी गणपतीला येतात हे मला लहानपणापासून माहिती, ते परतही जातात हे फॉलोअप ठरवताना सुचलं नाही. सात जण गेले, फोन लावला तर कोण कामावर, कोण लोकलमध्ये. गाईड म्हणाले लपवू नकोस, लिमिटेशन्समध्ये लिही. लिहिलं. परीक्षेत एक्सटर्नलनी, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, थीसिस उघडला तो नेमका त्याच पानावर, चष्मा वर करून विचारलं, "हे सात कुठे गेले?" म्हटलं सर, मुंबईला, विसर्जन झालं ना. ते हसले आणि म्हणाले, चल, केस दाखव.