भोंगा झाला, आता पुस्तक मिट

संध्याकाळचे सात वाजलेत, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. देवळावरचा भोंगा ऐका. हा वाजला की गावात टीव्ही बंद, मोबाईल बंद, ते थेट साडेआठपर्यंत. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली, नंतर शाळा वर्गात परत गेली पण मोबाईल काय पोरांच्या हातातनं सुटेना, म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावातल्या बायका एकत्र बसल्या, ग्रामसभेत विषय मंजूर झाला आणि भोंगा सुरू झाला. मला या गावाचं लई कौतुक वाटतं. एकट्या पोराला फोन ठेव म्हणणं वेगळं आणि अख्ख्या घरानं ठेवणं वेगळं, बाहेर आईबाप सिरियल बघणार आणि पोरानं आतल्या खोलीत भूमिती करायची, हे कुठल्याच घरात जमत नाही.

आता दीड तास तर मिळाला. पण त्या दीड तासात पोरं पुस्तक घेऊन नेमकं करतात काय?

ते बघायला चला पलूसकडं, माझ्या ताईच्या घरी. इथं भोंगा नाही, ताई रिमोट कपाटावर टाकते आणि सगळ्यांचे फोन देवळीत जातात, माझापण. भाची दहावीला आहे. विज्ञान भाग १, पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षण. पान बघा तिचं, पिवळा हायलायटर, गुलाबी हायलायटर, इतका की न रंगवलेली ओळ शोधायला लागते. मी म्हटलं, झाला का धडा? "चारदा वाचलाय की मामा." बरं, मग पुस्तक मिट आणि ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात ते सांगणारे केप्लरचे तीन नियम सांग. पहिला सुरू केला, ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य... सूर्य... तिथंच अडली. तिसऱ्यात वर्ग कशाचा आणि घन कशाचा याची अदलाबदल. डोळ्यात पाणी आलं हो पोरीच्या. "वाचताना सगळं येत होतं मामा."

येत नव्हतं, ओळखीचं वाटत होतं. रोज एस.टी.त दिसणारा माणूस चेहऱ्यानं ओळखीचा असतो पण नाव विचारलं तर सांगता येत नाही, तसं. यात पोरीचा दोष नाही. मला दहावीला घरीदारी सगळ्यांनी अभ्यास कर म्हणून सांगितलं, कसा करायचा ते एकानंही सांगितलं नाही, मी आपला घोकत बसायचो आणि पेपरात हात थांबायचा, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या पोरांवर केलेला एक प्रयोग छापून आला. एका गटानं एक उतारा चार पाळ्यांत नुसता वाचला, दुसऱ्यानं एका पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्या न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तेव्हा उलटं झालं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला चांगलं आठवेल अशी जास्त खात्री कुणाला होती? नुसतं वाचणाऱ्यांना! आता सांगा, बोर्डाचा पेपर काय पाच मिनिटांनी असतो का.

मग आम्ही काय केलं बघा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन टाचण्या टोचल्या, त्यांच्याभोवती दोऱ्याचं सैलसर कडं टाकलं, पेन्सिलीनं दोरा ताणून धरला आणि तसाच ताणत पेन्सिल गोल फिरवली. कागदावर लंबवर्तुळ उमटलं. या दोन टाचण्या म्हणजे दोन नाभी, आणि यातल्या एकीवर सूर्य. ती ते चित्र बराच वेळ बघत बसली. मग रफ वहीत पुस्तक न बघता तिन्ही नियम लिहिले, पुस्तक उघडून चुकलेलं लाल पेननं दुरुस्त केलं, आणि त्या दिवशी तो धडा तिथंच ठेवला. परत काढला तो चौथ्या दिवशी, थोडं विसरल्यावर. हे मुद्दाम. विसरायला लागलेलं ओढून काढताना जो त्रास होतो ना, त्यानंच ते पक्कं होतं, सलग तीन तास बसण्यापेक्षा मधे दिवस सोडून तीनदा अर्धा तास बसलेलं बरं.

बीजगणिताचं थोडं वेगळं. एकाच सरावसंचातली दहा गणितं ओळीनं सोडवली की रीत आधीच माहीत असते, पेपरात मात्र रीत आपल्याला ओळखायला लागते, म्हणून आठवड्यातनं एकदा वेगवेगळ्या धड्यांतली चार-पाच गणितं चिठ्ठ्या टाकून काढायची. आणि दिवाळीनंतर जुने पेपर, ४० मार्क, २ तास, समोर घड्याळ लावून. पालकांनो, तुम्हाला विज्ञान येत नसलं तरी चालतंय, पुस्तक हातात धरायचं आणि म्हणायचं, सांग बघू काय वाचलंस.

आमच्या आजीनं हेच केलं. चौथ्या दिवशी भाची तिच्यापुढं बसून न अडखळता सांगत होती, ही एक टाचणी, इथं सूर्य, ग्रह असा फिरतो. आजी चष्मा सारखा करत म्हणाली, "आणि दुसऱ्या टाचणीवर काय गं?"

भाची गप्प झाली. पुस्तकात बघून आली, देवळीतला माझा फोन मागितला, मी म्हटलं आधी विचार कर. दोऱ्याशी खेळत बराच वेळ बसली, मग फोन घेऊन बघितलं आणि पळत आली.

"तिथं काहीच नसतं आजी. मोकळी जागा."