क्लचमधली हवा

श्रोतेहो, नमस्कार. तुमच्या गाडीचा क्लच केबलवर आहे की तेलावर, हे आधी आठवून बघा. मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या लहान गाड्यांना केबल असते. त्या गाड्यांच्या मालकांनी आजचं बोलणं नुसती गोष्ट म्हणून ऐकलं तरी चालेल, कारण गोष्ट आहेच. ज्यांचा क्लच तेलावरचा, म्हणजे हायड्रॉलिक आहे, त्यांनी मात्र जरा कान इकडे द्यावा.

त्याची मांडणी साधी आहे. पायडलच्या मागे मास्टर सिलिंडर, खाली गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, दोघांना जोडणारी बारीक नळी आणि नळीत ब्रेक ऑइल. हो, क्लचलाही ब्रेकचंच ऑइल. वर पायानं दाबलं की खालचा सिलिंडर क्लचचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दांडा, ढकलतो. तेल दबत नाही म्हणून हे जमतं. हवा मात्र दबते. नळीत हवा शिरली की पायाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो. क्लच पुरता सुटत नाही, गिअर टाकताना खर्रर्र वाजतं, रिव्हर्स तर पडतच नाही. पाणी उतरलेल्या हापशागत दांडा नुसता वरखाली. फिटर लोक म्हणतात, 'क्लचनं एअर धरली.' ती एअर घरच्या घरी काढता येते.

आता आमच्या मोठ्या मामांची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला हा विषय पुढं नेताच येत नाही.

मामा एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. वैशाखातलं लग्न, वऱ्हाड अंबाजोगाईहून बीडला निघालेलं. नवरदेवाची गाडी मोठी, मागं समोरासमोर सीट असलेली. आत नवरदेव, करवली, दोन आत्या, पुढं मामा, आणि गाडी चालवायला गल्लीतला एक पोरगा. केज मागं पडलं, नेकनूरच्या अलीकडं पोराचा चेहरा उतरला. "मामा, क्लच खालीच बसला. वर येईना."

मामांनी पहिला प्रश्न क्लचचा विचारलाच नाही. म्हणाले, "ब्रेक दाबून बघ." ब्रेक कडक होता. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. पुष्कळ गाड्यांमध्ये ब्रेक आणि क्लचला तेलाचा डबा एकच असतो, आणि क्लचची नळी त्या डब्याला जरा वरच्या अंगाला जोडलेली असते. क्लचकडून तेल गळालं तरी ब्रेकच्या वाट्याचं तेल खाली शिल्लक राहावं, म्हणून. इथं तसंच झालं होतं. तेल क्लचच्या तोंडाखाली गेलेलं, ब्रेकचं जागेवर.

आत्या म्हणाल्या, "आता रं?" मामा म्हणाले, "आता काय, बसा. मुहूर्त गाठायचाय."

पोराला उठवून मामा स्टिअरिंगवर बसले. इंजिन बंद, गिअर पहिला, आणि किल्ली फिरवली. स्टार्टरनंच गाडीला दोन हिसके दिले, इंजिन धरलं, आणि गाडी निघाली. पुढं वेग आला की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, नेमक्या क्षणी गिअर न्यूट्रलला ओढायचा, इंजिनचा आवाज चाकांच्या चालीशी जुळला की दुसरा टाकायचा. क्लच न दाबता! एस.टी.च्या जुन्या गाड्यांवर हात बसलेला माणूस, दात न वाजता गिअर पडत होता. हे तुम्ही करायला जाऊ नका. आताच्या बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि ज्या होतात त्यांच्या स्टार्टरला असले हिसके सोसत नाहीत.

नेकनूरला गर्दी होती. आता थांबायचं म्हणजे इंजिन बंद पाडायचं. मामांनी मान खिडकीबाहेर काढली आणि स्टँडवर प्रवाशांना देत तसला आवाज दिला, "ओऽ सरका, नवरदेव हाय गाडीत!" माणसं सरकली, बैलगाडीसुद्धा सरकली. मांजरसुंब्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर सावकाश उतरले. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणाऱ्यांना मामा जी शिवी देत, ती रेडिओवर सांगता येत नाही. पण माझं मत अगदी तेच आहे.

बीडच्या मंगल कार्यालयात वऱ्हाड उतरलं, चहा-सरबतं सुरू झाली. मामांनी सरबत घेतलं नाही. गाडी मांडवाच्या कनातीला लागूनच उभी केली होती. पोराला ऑटोपार्टच्या दुकानात पिटाळलं. तो घेऊन आला लाल तेल, पॉवर स्टिअरिंगचं. मामांनी तसंच परत पाठवलं, कारण त्या तेलानं सिलिंडरमधलं रबर फुगतं आणि दोन्ही सिलिंडर कामातून जातात. मग डॉट ३ चा, म्हणजे ब्रेक ऑइलचा, डबा आला. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून लेव्हलच्या नळीचा हातभर तुकडा आणला. आरपार दिसणारी नळी, कामाला अगदी नेमकी. पाण्याची रिकामी बाटली मांडवात मिळाली. पायडल दाबायला नवरदेवाचा दहावीतला चुलतभाऊ बसवला, नव्या कपड्यांसकट.

मामा गाडीखाली. तिकडं मांडवात मंगलाष्टका सुरू झाल्या. इकडं गाडीखालून मामांचा आवाज: "दाऽब! धर! ... सोऽड!" पुन्हा "दाऽब! धर!" भटजींनी वरचा सूर लावला, तर मामांनी त्याच्याही वरचा. आणि एका 'सोऽड'ला अंतरपाटाचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या पाहुण्याला वाटलं, आपल्यालाच सांगतायत. त्यानं सोडलं की हो टोक!

'सावधान' व्हायच्या आधीच नवरा-नवरी समोरासमोर. नवरी आधी हसली. लोकांनी अक्षता उधळल्या, बँडवाल्यानं वाजवायला सुरुवात केली. भटजी लालबुंद. त्यांनी पाट पुन्हा धरायला लावला आणि रागारागानं दोन कडवी जास्तीची म्हटली. एवढ्या गोंधळात गाडीखालून मामा ओरडतायत, "कोण वाजवायलंय रं? धर म्हणलं ना तुला!"

बरं, तेव्हा बँड होता म्हणून निदान मामांचा आवाज पोचला. आज डीजेच्या दणक्यात पायडलवरच्या पोरालासुद्धा ऐकू आलं नसतं. लग्नात डीजे कशाला लागतो, हे मला कधी कळलेलं नाही, पण तो विषय आज नको.

तर मामा गाडीखाली काय करत होते, ते आता ऐका. इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. स्लेव्ह सिलिंडरवर ब्लीडिंगचं, म्हणजे हवा काढायचं, निप्पल असतं, त्याला बसेल तो रिंग पाना घ्या. बहुतेक आठ, दहा नाहीतर अकरा नंबर लागतो. निप्पलवरची धूळ पुसा, नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवून ठेवा. वरचा डबा भरा. आता जोडीदारानं पायडल पूर्ण दाबून धरायचं. मग निप्पल पाव फेरा उघडायचं. नळीतून तेल येतं, बुडबुडे येतात. निप्पल आवळायचं. आणि मगच पायडल सोडायचं. पुन्हा सांगतो: आधी निप्पल बंद, मग पायडल सोड. उघड्या निप्पलवर पायडल सोडलं, तर बाहेर काढलेली हवा परत आत ओढली जाते.

बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहायचं. मध्ये मध्ये डब्यात तेल घालत राहा, तळ दिसू देऊ नका. तळ दिसला की वरून हवा गेली, आणि सगळं पहिल्यापासून.

तेल गाडीतल्या डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि दुकानातून डबा सीलबंदच घ्या. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येते. दर शनिवारी लिंबू-मिरची न चुकता बदलणारे लोक हे तेल वर्षानुवर्षं बघत नाहीत. दोन वर्षांनी बदलावं. बाटलीत निघालेलं तेल परत डब्यात घालू नका. आणि रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, हे तेल रंग खातं.

शेवटी इंजिन सुरू करून, क्लच दाबून रिव्हर्स टाकून बघा. न वाजता पडला की एअर निघाली. पण हवा आत शिरली म्हणजे तेल कुठूनतरी गेलं असणार, हे लक्षात असू द्या. पायडलखालचं मॅट तेलकट असेल तर मास्टर सिलिंडरचं किट, म्हणजे आतली रबरं, गेलं. स्लेव्ह सिलिंडरचं रबर ओलं असेल तर त्याचं. मामांच्या गाडीचं तेच निघालं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी किट बदलून घेतलं. काही गाड्यांचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असतो. तो गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम अंगणातलं नाही, फिटरचं आहे. नमस्कार.